परक्याचा अनुभव आणि आपली प्रकृती

मनुष्य आजारी पडला म्हणजे तो दोन गोष्टींचा शोध करू लागतो. एक औषध, आणि दुसरा तोच आजार भोगून त्यातून उठलेला माणूस. औषधाने शरीरास गुण यावयाचा असतो; अशा माणसाच्या दोन शब्दांनी मनास धीर येतो. म्हणून आजाऱ्याने चार जणांना विचारणे हा दोष नव्हे, तो मनुष्यस्वभावच आहे.

धार आणि देवास येथील आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे पूर्वज अठराव्या शतकात पवारांच्या पाठोपाठ माळव्यात येऊन स्थायिक झाले. आजाराची विचारपूस त्या काळी वाड्याच्या ओसरीवर, विहिरीच्या काठावर किंवा देवळाच्या सभामंडपात होत असे. सल्ला देणारी व्यक्ती पाहण्यातली असे. अमक्या काकूंनी काढा सांगितला, तर त्या काकू कोण, त्यांचा स्वभाव कसा, त्या राईचा पर्वत करतात की मोजके बोलतात, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. सल्ला चुकला तर काकू दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर भेटत. आज ही विचारपूस हातातल्या मोबाइलवर होते. सांगणारा कोठला, त्याचे वय काय, तो खरोखर आजारी होता की नाही, औषध विकण्यात त्याचा काही लाभ आहे की काय, यांपैकी काहीच कळत नाही. तो उद्या भेटेलच असेही नाही.

अशा परक्याचा सल्ला घ्यावा की न घ्यावा, घेतला तर किती घ्यावा, आणि आपण स्वतः परक्यास सल्ला देताना कोणते पथ्य पाळावे, हा या पाठाचा विषय आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाही. तेव्हा येथे कोणत्याही रोगाचा उपचार सांगितलेला नाही, विचार कसा करावा एवढेच सांगितले आहे.

विचारणारास दोष देऊ नये

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही दुखणी अशी असतात की ती घरात सांगता येत नाहीत. लाज, भीती, खर्चाची धास्ती, किंवा "लोक काय म्हणतील" हा विचार आडवा येतो. अशा वेळी अनोळखी माणूसच अधिक जवळचा वाटतो, कारण तो आपल्याला ओळखत नसतो.

हे आजचेच आहे असे नाही. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. ज्या विषयांचा उच्चार घरात होत नसे, त्यांविषयी वाचक त्यांना पत्रे लिहीत आणि मासिकातून त्यांना उत्तरे मिळत. कर्व्यांच्या मतांशी अनेकांचे तेव्हाही पटत नसे, आजही पटत नसेल. परंतु ज्यांना विचारण्यास दुसरे दारच नव्हते, अशांसाठी ते दार उघडे होते, हे नाकारता येत नाही. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, दंड झाला, तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी मासिक सोडले नाही.

या इतिहासातून आपल्या विषयापुरता एक धडा घ्यावा. विचारणाराने नाव झाकले तरी चालेल, कारण तो अडचणीत असतो. उत्तर देणाराने मात्र नाव झाकू नये. कर्वे आपल्या नावाने लिहीत आणि त्या लिहिण्याची किंमत न्यायालयात उभे राहून मोजीत. आज अनेकदा उलट घडते. विचारणारा आपले नाव, गाव, तपासण्यांचे कागद, सर्व काही उघड करतो, आणि उत्तर देणाऱ्याचा पत्ताच नसतो. ज्याला आपल्या शब्दाचे उत्तरदायित्व नको, त्याच्या शब्दावर आपले शरीर सोपवावे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

देवासच्या हवेने गुण आला काय?

आता अनुभवाची परीक्षा कशी करावी ते पाहू. यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. देवासचेच एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे.

थोर गायक कुमार गंधर्व यांना ऐन तारुण्यात क्षयरोगाने गाठले. कोरडी हवा मानवेल या विचाराने ते १९४८ च्या आरंभी देवासला येऊन राहिले. त्यांना गाण्याची मनाई झाली होती. पुढची काही वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. पत्नी भानुमती यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. १९५२ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध त्यांना मिळाले. हळूहळू ते बरे झाले, पुन्हा गाऊ लागले आणि १९९२ साली निधन होईपर्यंत देवासचेच होऊन राहिले.

आता असे समजा की, एखाद्या क्षयरोग्याने परगावाहून देवासला विचारले, "तुमच्याकडील ते थोर गवई कशाने बरे झाले?" एक जण म्हणेल, "आमच्या माळव्याच्या हवेने." दुसरा म्हणेल, "पूर्ण विश्रांतीने." तिसरा म्हणेल, "पत्नीच्या सेवेने." चौथा म्हणेल, "नव्या औषधाने." चौघेही प्रामाणिक आहेत, चौघांनीही खोटे सांगितलेले नाही. परंतु त्या रोग्याने पहिल्याचे ऐकून केवळ हवापालट केला आणि औषध घेतले नाही, तर त्याचा जीव जाईल. एकाच माणसाच्या आयुष्यात चार गोष्टी एकदम घडल्या असता त्यांतील कोणत्या गोष्टीने गुण आला, हे त्या एका कथेवरून सांगता येत नाही, मग ती कथा कितीही खरी असो.

हे ठरविण्याचा मार्ग त्याच सुमारास सापडला होता. इंग्लंडमधील वैद्यकीय संशोधन मंडळाने क्षयाचे १०७ रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट केले. कोणी कोणत्या गटात जावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिले. ५२ जणांना केवळ विश्रांती दिली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातील १४. हे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. लक्षात घ्या की, केवळ विश्रांतीच्या गटातही बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांनंतर जिवंत होते. त्यांच्यापैकी कोणाला विचारले असते तर त्याने "मला विश्रांतीनेच गुण आला" असे शपथेवर सांगितले असते. जे १४ गेले ते सांगावयास उरले नव्हते. परक्याच्या अनुभवातील सर्वांत मोठा दोष हाच आहे की, अनुभव सांगणारा नेहमी वाचलेला असतो. न वाचलेल्याची साक्ष कोणी नोंदवीत नाही.

हवेचा प्रश्नही पुढे सुटला. मद्रास येथे १९५६ साली क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र सुरू झाले. तेथे काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून, तर काहींना त्यांच्या गरिबीच्या घरात, दाटीवाटीच्या वस्तीत ठेवून एकाच प्रकारची औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून नियमितपणे औषध घेणारे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. उत्तम हवा, उत्तम अन्न आणि पूर्ण विश्रांती यांवाचून क्षय हटत नाही, ही शतकभराची समजूत अशा रीतीने मागे पडली. आपल्या गावच्या हवेचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु ती औषध म्हणून दुसऱ्यास सांगू नये.

एकास अमृत, दुसऱ्यास विष

सन २०२० व २०२१ ही वर्षे आपण कोणीच विसरणार नाही. करोनाच्या त्या दिवसांत घराघरांतून औषधांच्या चिठ्ठ्या फिरत होत्या. एका रुग्णास डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद दहा घरी जाई, आणि दहा घरांतील माणसे दुकानातून तीच औषधे आणीत. त्यांत बहुधा एक स्टेरॉइड असे.

ते औषध वाईट होते काय? मुळीच नाही. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष बाहेर आले. डेक्सामिथॅसोन या स्वस्त आणि जुन्या स्टेरॉइडने कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, आणि प्राणवायू लावलेल्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले होते. परंतु त्याच चाचणीत असेही दिसले की, ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. उलट अपाय होण्याचाच संभव दिसला. रोग तोच, औषध तेच. परंतु एका अटीवर ते तारक होते, आणि ती अट नसता निरुपयोगी किंवा घातक.

चिठ्ठी घरोघर फिरली तेव्हा औषधाचे नाव फिरले, अट मात्र मूळ रुग्णाच्या उशाशीच राहिली. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नव्हता, अशा कित्येकांना २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचा रोग जडला. इंदूरसह देशातील अनेक शहरांच्या रुग्णालयांत या रोगाचे स्वतंत्र कक्ष उघडावे लागले. कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जीव. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अविचारी वापर ही त्याची प्रमुख कारणे तज्ज्ञांनी सांगितली. चिठ्ठी पुढे पाठविणारांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, "हे विलायती औषधांचे झाले, आपल्या झाडपाल्याला काय भीती?" तर गुळवेलीचे उदाहरण पाहा. गुळवेल ही आयुर्वेदातील मान्यवर वनस्पती. करोनाच्या काळात शक्ती वाढविण्यासाठी म्हणून तिचा काढा घेण्याचा सल्ला सर्वत्र पसरला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांना यकृतास इजा झालेले असे सहा रुग्ण आढळले की, ज्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे सिद्ध झालेले नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद तज्ज्ञांचा आहे. परंतु आपल्या दृष्टीने दोन्ही पक्षांचे तात्पर्य एकच निघते. कोणी, किती दिवस, कोणत्या प्रकृतीवर आणि नेमकी कोणती वेल घ्यावयाची, हे कळल्यावाचून केवळ नाव ऐकून काढा घेऊ नये.

आयुर्वेदाची मूळ शिकवणही हीच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची दशविध परीक्षा सांगितली आहे. प्रकृती, विकृती, सार, शरीराची बांधणी, प्रमाण, सात्म्य, मनोबल, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशा दहा गोष्टी पाहून मग वैद्याने औषध योजावे, असा तो दंडक आहे. "हे सर्वांनाच चालते" असे सांगणारा मनुष्य आयुर्वेदाचे नाव घेत असला तरी आयुर्वेदाची रीत सोडून बोलत असतो.

पाणी आपल्या गावचे

प्रकृतीप्रमाणेच देशाचाही विचार करावा लागतो. धार जिल्ह्यातील अनेक गावांत बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळते. पिण्याच्या एका लिटर पाण्यात ते एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅम, असे भारतीय मानक आहे. असे दूषित पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले म्हणजे मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि मोठ्यांचे गुडघे, कंबर व मान आखडू लागतात.

अशा गावातील मनुष्याने परमुलखातील शंभर जणांना गुडघेदुखीवर उपाय विचारला, तर शंभर तेले आणि शंभर गोळ्या सांगितल्या जातील. त्या सांगणाऱ्यांच्या गुडघ्यांना त्यांनी गुणही आला असेल. परंतु त्यांपैकी एकही जण विचारणार नाही, "तुमच्या घरी पिण्याचे पाणी कोठून येते?" कारण त्यांच्या गावी तो प्रश्नच नाही. येथे सल्ला खोटा नाही. तो दुसऱ्या गावच्या पाण्याचा आहे. पाणी तपासणे आणि बदलणे हा जो खरा उपाय, तो गावच्या आरोग्यकेंद्रास किंवा गाव जाणणाऱ्या डॉक्टरासच सुचणार.

दूर पाठविण्याजोगा सल्ला कोणता?

यावरून परक्यास काहीच सांगू नये असे कोणी समजेल, तर तीही चूक होईल. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरलेल्या प्रमाणात साखर आणि मीठ घातलेले पाणी रुग्णांना तोंडावाटे देण्यास आरंभ केला, आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांकडे सोपविले. पूर्वी शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारांच्याही खाली आले. डॉक्टरांचे २०२२ साली निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाबात वारंवार घोट-घोट पाजावे. हा सल्ला आपण अनोळखी माणसासही देऊ शकतो. का? कारण तो एका काकूंच्या अनुभवावर उभा नाही, हजारो रुग्णांवर पारखलेला आहे. त्याची अट साधी आहे आणि ती सल्ल्याबरोबरच सांगता येते. चमचा सपाट असावा, मीठ अधिक पडू नये, आणि मूल सुस्त झाले किंवा पाणी पिईनासे झाले तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. ज्या सल्ल्याबरोबर त्याची अटही बोटभर कागदावर मावते, तो दूर पाठवावा. ज्याची अट मावत नाही, तो आपल्यापाशीच ठेवावा.

विचारणाराने पाळावयाचे पथ्य

परक्यास विचारावयाचेच असेल तर मात्रा विचारू नये, अनुभव विचारावा. "मी कोणती गोळी घेऊ?" यापेक्षा "या शस्त्रक्रियेनंतर घरचे काम कधी करता आले?", "डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावे?", "पथ्याचा कंटाळा आला तेव्हा आपण काय केले?" असे प्रश्न शहाणपणाचे होत. व्यसनातून सुटलेला मनुष्य व्यसनात अडकलेल्यास जो धीर देतो, तो पुस्तकातून मिळत नाही. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले. तेथे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे इतरांना हात देतात. धीर ही वस्तू अशी आहे की, ती परक्याकडूनही निःशंक घ्यावी.

आपल्या तपासण्यांचे कागद नावासकट कोणाकडे पाठवू नयेत. सुटलेला बाण आणि पाठविलेला कागद परत येत नाही. विशेषतः घरातील लेकीसुनांच्या आजाराविषयी त्यांना न विचारता परक्यांपुढे बोलणे, हा हेतू चांगला असला तरी अन्याय आहे. आजार ज्याचा, तो सांगावा की न सांगावा हा अधिकारही त्याचाच.

कोणाच्याही सांगण्यावरून चालू औषध बंद करू नये. क्षय, मधुमेह, रक्तदाब, अपस्मार यांची औषधे मध्येच सोडल्याने होणारी हानी मोठी असते. क्षयाचे औषध अर्धवट सोडल्यास रोगजंतू त्या औषधास दाद देईनासे होतात. ही औषधे सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळतात, तेव्हा खर्चाचेही कारण उरत नाही.

दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावयाचा असेल तर त्यालाही आता नियमबद्ध मार्ग आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार डॉक्टरांनी आपले नाव व नोंदणी क्रमांक उघड केला पाहिजे, आणि काही औषधे रुग्णास समक्ष न पाहता लिहून देता येत नाहीत. ई-संजीवनी ही सरकारी सेवाही उपलब्ध आहे. मन खचले असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोलता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही; खरा डॉक्टर त्याने रागावत नाही.

मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग हमखास बरे करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा सल्ल्याच्या शेवटी पैसे पाठविण्याचा पत्ता दिसला, की तो सल्ला नव्हे, दुकान आहे, असे समजावे.

आणि काही प्रसंगी कोणालाही विचारीत बसू नये. छातीत असह्य कळ, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, धाप, झटके, गरोदरपणातील रक्तस्राव, सर्पदंश. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सर्पदंशात जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळणे घातक आहे. दंश झालेला अवयव न हलविता थेट रुग्णालय गाठावे. मत गोळा करण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

सांगणाराने पाळावयाचे पथ्य

शेवटी आपण सल्ला देतो तेव्हाचे कर्तव्य. हा भाग आम्हां पुजाऱ्यांच्या घरांस विशेष लागू आहे. देवळात आलेला मनुष्य तीर्थ घेता घेता आपले दुखणेही सांगतो. पुजाऱ्याच्या तोंडून सहज गेलेले वाक्य कित्येकदा देवाच्या कौलासारखे घरी नेले जाते. ज्याच्या शब्दास असा मान आहे, त्याने शब्द दुप्पट जपून वापरला पाहिजे. हीच गोष्ट शिक्षक, वडीलधारी मंडळी आणि घरातील शिकलेली मुले यांसही लागू पडते.

आपला अनुभव सांगताना चार गोष्टी जोडून सांगाव्या. आपले वय व इतर आजार कोणते होते. रोगाचे निदान कोणी केले. त्याबरोबर दुसरी कोणती औषधे चालू होती. आणि गुण येण्यास किती दिवस लागले. गुण आला नसेल तर तेही सांगावे. अपयशाचा अनुभव सांगणे हा मोठा परोपकार आहे, कारण तो कोणी सांगत नाही. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव आहे असे स्पष्ट म्हणावे. आणि जे आपण स्वतः पडताळले नाही, ते "कोणाच्या तरी उपयोगी पडेल" म्हणून पुढे पाठवू नये. दानात आपण फुटके भांडे देत नाही. मग अर्धवट सल्ला का द्यावा?

आजाऱ्याची विचारपूस करणे, त्याच्या उशाशी बसणे, त्याला रुग्णालयात नेणे, त्याच्या घरी दोन वेळचे जेवण पोहोचविणे, यांत कोणतीही अट जोडावी लागत नाही. भानुमतीबाईंनी केलेली शुश्रूषा कोणालाही, केव्हाही करता येते. मात्रा वैद्याने द्यावी. धीर आणि सेवा आपण द्यावी. एवढी वाटणी ज्या घरी पाळली जाईल, त्या घरास परक्याच्या सल्ल्याचे भय उरणार नाही.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपल्या घरी आलेला आरोग्याचा एखादा सल्ला आठवा. त्याबरोबर त्याची अट आली होती काय?

२. तो सांगणाऱ्याचे नाव व त्याचा लाभ आपणांस ठाऊक होता काय?

३. आपल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी अखेरची केव्हा झाली?

४. घरातील प्रत्येकाची चालू औषधे एका कागदावर लिहून ठेवली आहेत काय? नसल्यास आजच लिहावी, आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा.